कौटुंबिक इतिहास

"मॅडम, तुमच्या घरी हाये का कोनी असं?" सुगंधाबाईंनी विचारलं, आणि नूतन म्हणाली, "नाही."

चहा घेणार का म्हणून विचारल्यावर म्हणावं इतक्या सहज ती म्हणाली. समोर फरशीवर पुनम मांडी घालून बसली होती. तेरा वर्षांची, केस दोन घट्ट वेण्यांत बांधलेले, जीभ ओठांच्या कोपऱ्यातून जराशी बाहेर. सॅनिटरी पॅडच्या मागचा कागद सोलण्यात ती अशी गढून गेली होती, की खोलीत कोण काय बोलतंय याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. कागद अर्धा निघाला आणि फाटला. तिने वर पाहिलं. "छान," नूतन म्हणाली, "उरलेला पण काढ." स्वतःचा आवाज तिला नीट ऐकू आला, शिकवणाऱ्या बाईचा, धीराचा. पण त्याच्या मागे ते मघाचं 'नाही' खोलीत तसंच उभं होतं. सुगंधाबाईंनी मान हलवली. त्यांना जे वाटलं होतं तेच उत्तर मिळालं होतं. "म्हनूनच म्हनते," त्या म्हणाल्या, "ज्याच्या घरी असते त्यालेच समजते. तुम्ही शिकवता, ते चांगलंच हाये. पन आम्ही आता ठरवलं. दिवाळीनंतर तिची पिशवीच काढून टाकनार. सावद्याले आमच्या जेठानीच्या वळखीचे डॉक्टर हायेत. दर महिन्याची कटकट नही, भेव नही."

पुनमने उरलेला कागद काढला आणि नूतनच्या हातावर ठेवला, बक्षीस दिल्यासारखा.

नूतन शिंदखेड्याची. वय एकतीस. सहा वर्षं खाजगी शाळेत पोरांना भूगोल शिकवून झाल्यावर विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम करायला ती जळगावला आली होती. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवायचं, त्यांच्या घरच्यांबरोबर काम करायचं, याची ती तयारी. वर्षभरात एका मुलाचा सखोल अभ्यास करावा लागे: शाळेत निरीक्षण, घरी भेटी, पालकांशी बोलणं, आणि रोजच्या जगण्यातलं एखादं काम लहान लहान पायऱ्या पाडून शिकवणं. तिच्या वाट्याला पुनम आली होती. आणि पुनमच्या आईने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की दुसरं काही नको, पाळीचं तेवढं शिकवा, मी त्यानेच थकले. पाकीट उघडण्यापासून हात धुण्यापर्यंत नूतनने त्या कामाच्या अकरा पायऱ्या पाडल्या होत्या. पहिल्या दिवशी तपासणीच्या तक्त्यात त्या रकान्यासमोर तिने लिहिलं होतं: 'पूर्णपणे इतरांवर अवलंबून'. आता चौथी भेट होती आणि पुनमला तीन पायऱ्या येत होत्या.

बाहेर आल्यावर रिक्षा समोर थांबली तरी ती बसली नाही. ऑक्टोबरचं ऊन डाळ मिलच्या पत्र्यांवरून उलटं अंगावर येत होतं आणि हवेत डाळीच्या फोलाचा बारीक धुरळा होता. खोटं बोलल्याचं तिला नवल वाटत नव्हतं. प्रवेशाच्या अर्जावरही 'कौटुंबिक इतिहास' असा रकाना होता. घरात कोणी अक्षमता असलेली व्यक्ती आहे का? तिथेही तिने 'नाही' लिहिलं होतं, आणि मुलाखतीत या क्षेत्रात का यावंसं वाटलं असं विचारल्यावर आवड आहे म्हणाली होती. तेव्हा काही वाटलं नव्हतं. अर्ज कागदाचा असतो. पण आज विचारणारी बाई समोर बसलेली होती, तिच्या नखांत कणीक होती, आणि तिने विचारलं ते काही माहिती काढायला नव्हे. ती बरोबरीचं कोणी शोधत होती. घराघरांतून वर्षानुवर्षं एकट्याच असलेल्या बायका जशा शोधतात, तशी. आणि नूतनने तिच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं.

अक्का. ज्योती. नूतनपेक्षा तीन वर्षांनी मोठी, पण नूतन चार वर्षांची झाली तेव्हापासून धाकटी. अक्काला बोलता यायचं ते वीस-पंचवीस शब्द, त्यांतले निम्मे खाण्याचे. ती तेरा वर्षांची असताना एका सकाळी आईने दोघींना नवे फ्रॉक घातले आणि धुळ्याला जत्रेला जायचं म्हणून सांगितलं. एसटीत अक्का खिडकीशी बसली होती. बाहेर म्हैस दिसली की टाळ्या, ट्रॅक्टर दिसला की टाळ्या. धुळ्याला उतरल्यावर जत्रा नव्हतीच. एक लांब, फिनेलचा वास येणारा व्हरांडा होता, एक बाकडं होतं, आणि नूतनच्या हातात बिस्किटाचा पुडा होता. वडील म्हणाले, तिचं अपेंडिक काढायचंय. नूतनने तो शब्द पाठ केला, कारण शाळेत सांगता येईल असा तो शब्द होता. अक्काला बाहेर आणलं तेव्हा तिचे ओठ पांढरे होते. घरी आल्यावर कितीतरी दिवस ती सकाळी उठली की पोटावर हात ठेवून विचारायची, "जत्रा?" आई म्हणायची, जाऊ, उद्या जाऊ. आणि आई त्या महिन्यापासून हसायला लागली होती, हेही नूतनला आठवत होतं. मोकळं, शेजारणीशी ओट्यावर बसून. त्या हसण्याचा तिला कधी राग करता आला नव्हता. ती तिथेच नेहमी अडायची. त्यांनी दुष्टपणाने काही केलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात आपल्या मार्गदर्शकांना, समाधान सरांना, तिने पुनमच्या ऑपरेशनचं सांगितलं. ते पाठाच्या वह्या तपासत होते. पन्नाशीचे, शांत, मुलांच्या घरी जाऊन जाऊन चपला झिजवलेले. पेन खाली ठेवून त्यांनी ऐकून घेतलं. "कायद्याने होत नाही," ते म्हणाले. "तिच्या संमतीशिवाय तिला कधीच मूल होऊ नये अशी शस्त्रक्रिया कुणालाच करता येत नाही. आईबापालाही नाही. पण कागदावर कोण तसं लिहितं? गाठ होती म्हणतात, रक्तस्राव थांबत नव्हता म्हणतात."

"मग आपण तक्रार करायची?"

"करता येईल. पण पुनमला शाळेतून काढतील, सावद्याला नेऊन ठेवतील, आणि तिथे काय होईल ते तुम्हाला-मला कळणारही नाही. आधी शिकवा. आईला दिसू द्या की पोरीला जमतं. आणि आईशी भांडू नका, नूतनताई. आपण आठवड्याचे दोन तास जातो. ती दिवसरात्र असते." मग त्यांनी विचारलं, "तुमचा चेहरा उतरलाय. अजून काही आहे का?"

"नाही सर," नूतन म्हणाली. दोन दिवसांत दुसऱ्यांदा.

खरं म्हणजे अजून बरंच होतं, आणि तेच महत्त्वाचं होतं. ते असं, की ती सोळा वर्षांची असताना, दहावीच्या परीक्षेत, पेपर लवकर सोडवून एका दुपारी ती घरी आली होती. आईवडील शेतात होते. मागच्या खोलीला आतून कडी होती. तिने हाक मारली. बऱ्याच वेळाने कडी निघाली आणि कौतिकनाना बाहेर आले. वडिलांचे चुलतभाऊ, वाड्यापलीकडे राहणारे. ज्योतीला तेच काय ते सांभाळतात, तिच्यासाठी येताना कधी रिकाम्या हाताने येत नाहीत, असं सगळं घर म्हणायचं. "झोपेल शे ती," नाना म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. आत अक्का भिंतीला टेकून बसली होती, डोळे उघडे. मुठीत गोडी शेव होती, घामाने चिकट झालेली. सलवारीची नाडी सुटलेली होती. नूतनने ती बांधली. दोन गाठी मारल्या. अक्काने नेहमीसारखे हात वर करून तिला बांधू दिली. त्या वर केलेल्या हातांवरून नूतनला कळलं की हे आजचं नाही. किती दिवसांचं, किती वर्षांचं, ते कळायला मार्गच नव्हता. दुसऱ्या कुणा पोरीचं पोट वाढलं असतं, आरडाओरड झाली असती, कोणीतरी कोणाची तरी कॉलर धरली असती. अक्काच्या बाबतीत ती एकच खूण होती जी तिच्या वतीने बोलली असती, आणि ती खूण घरच्यांनीच धुळ्याला नेऊन काढून टाकली होती. नानांना ते ठाऊक होतं. सगळ्या भावकीला ठाऊक होतं. नूतनने कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर होता, तो तिने दिला. त्यानंतर मागच्या खोलीची आतली कडी तिने पान्ह्याने उचकटून विहिरीत टाकली, एवढंच. गेल्या वर्षी कौतिकनाना वारले. दहाव्याला ती रजा काढून गेली होती, पंगतीत बसली होती, आणि वाढणाऱ्याने आग्रह केला तेव्हा तिने आणखी एक पुरी घेतली होती. ती पुरी तिला अजून कधी कधी जिभेवर जाणवायची, तेलकट, गार.

तीन आठवड्यांनी, आज सगळं सांगायचंच असं ठरवून ती पुनमच्या घरी गेली. त्या दिवशी लीलाधरभाऊही घरी होते, पुनमचे वडील. सावद्याकडची केळीची शेती भावाकडे सोडून केवळ पोरीच्या शाळेसाठी ते जळगावला येऊन राहिले होते आणि पाइपच्या कारखान्यात पाळीने कामाला जात होते. त्यांनी स्वतः खुर्ची आणून दिली. पुनमला तोवर सात पायऱ्या यायला लागल्या होत्या. "मागच्या आठवड्यात खरोखरच्या वेळी तिने एकटीने केलं," नूतन म्हणाली, "शाळेत. मी दाराबाहेर उभी होते." हे खरं होतं. मात्र तेव्हा पुनमने रक्ताचा हात भिंतीला पुसला होता. आणि घरीही तसंच केलं असणार, कारण सुगंधाबाई म्हणाल्या, "केलं ना. पाहाले या भिंत." त्यांनी न्हाणीघराचं दार उघडून दाखवलं. पांढऱ्या टाइलवर चार बोटं उमटली होती, तपकिरी, घासूनही न निघालेली. नूतन त्या बोटांकडे पाहत राहिली. तिला त्यांत उरलेल्या चार पायऱ्या दिसत होत्या, आणखी महिना-दीड महिना दिसत होता. आईला भिंत दिसत होती.

"मॅडम, भिंतीचं जाऊ द्या," लीलाधरभाऊ म्हणाले. ते नेहमी खाली बघून बोलत. "भिंत काय, धुता येते. पण ही कोणी हात धरला की जाते. कोणाच्याही मागे. आम्ही आज आहोत, उद्या नाही. उद्या कोणी काही केलं आणि पोटाशी राहिली, तर? तुम्हीच सांगा. मी रात्रपाळीला मशीनवर उभा असतो आणि माझ्या डोळ्यांपुढे तेच येतं."

हीच जागा होती. इथेच सांगायचं होतं. पिशवी काढली म्हणून कोणी काही करायचं थांबत नाही, भाऊ. फक्त तुम्हाला कळायचं थांबतं. एवढीच दोन वाक्यं, आणि ती जिभेवर आली होती. पण त्यांच्या मागून दुसरा प्रश्न येणार होता, तुम्हाला कसं माहीत, आणि त्याच्या मागून मागची खोली, कडी, गोडी शेव, आणि दाराबाहेर परीक्षेचं पॅड छातीशी धरून उभी असलेली एक पोरगी, जिने तोंड उघडलं नाही. नूतनने तोंड उघडलं आणि कायद्याबद्दल बोलायला लागली. दिव्यांग व्यक्तींचे हक्क, संमती, शस्त्रक्रियेचे शरीरावर होणारे परिणाम, हाडं ठिसूळ होणं. सगळं बरोबर होतं, वर्गात लिहून घेतलेलं. बोलता बोलता तिला लीलाधरभाऊंचा चेहरा बंद होत जाताना दिसला, सरकारी कचेरीतल्या खिडकीसमोर माणसाचा होतो तसा. ती थांबली तेव्हा ते अदबीने म्हणाले, "बरोबर आहे मॅडम तुमचं." आणि उठले.

दिवाळीला ती शिंदखेड्याला गेली. अक्का ओट्यावर बसली होती आणि आई, प्रमिलाबाई, तिचे केस विंचरत होती. अक्काच्या डोक्यात चौतिशीतच काळ्यापेक्षा पांढरे केस जास्त होते. नूतन शेजारी बसली. तिने विचारलं, "माय, अक्कानं आपरेशन कोणी ठरायं व्हतं?"

आईचा कंगवा थांबला नाही. "तुले आते कसाले पाहिजे?"

"आसंच."

"बठ्ठा सांगेत, घरना, दारना. डाक्टरनी सांगं, तुन्हा बापनी सांगं. मी एकली काय करू?" मग कंगव्यातले केस काढून बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "चांगली शे ती. भाकर खास, पानी पेस, पडी ऱ्हास. तिले काय दुःख शे?"

"आनि कौतिकनाना?" नूतन म्हणाली.

आता कंगवा थांबला. आईने तिच्याकडे पाहिलं नाही, अक्काच्या मानेकडेच पाहत राहिली. गल्लीत कोणीतरी लवंगी फटाक्यांची माळ लावली. अक्का दचकली, आईने तिचं डोकं पोटाशी धरलं, आणि ती माळ संपेपर्यंत तसंच धरून ठेवलं. "मरी गया तो," आवाज थांबल्यावर ती म्हणाली. फार हळू. आणि त्या तीन शब्दांत नूतनला कळलं की आईला सगळं ठाऊक होतं, कदाचित तिच्याही आधीपासून. एकाच घरात दोघी जणी तेच गिळून इतकी वर्षं समोरासमोर जेवत होत्या. तिला आईच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि त्याच क्षणी आईचा हात झटकून टाकावासाही वाटला. तिने दोन्ही केलं नाही. अक्काच्या दुसऱ्या बाजूची वेणी घालायला घेतली.

सुट्टी संपून ती जळगावला परतली आणि बॅग खोलीवर टाकून तशीच पुनमच्या घरी गेली. रस्ताभर तिने वाक्यं जुळवली होती. दार लीलाधरभाऊंनी उघडलं. आत खाटेवर पुनम उताणी पडली होती, पोटाला पट्टा, ओठ सुकलेले. नूतनला पाहून ती हसली.

"सुट्टीतच उरकून घेतलं," लीलाधरभाऊ म्हणाले. "शाळा बुडायला नको. आणि मॅडम, तुमच्या कागदाचा फार उपयोग झाला. डॉक्टर आधी तयार नव्हते. मग मी मोबाइलमधला फोटो दाखवला, तुम्ही पहिल्या दिवशी भरला होता ना तो तक्ता. 'पूर्णपणे इतरांवर अवलंबून'. शाळेच्या मॅडमनीच लिहिलंय म्हटल्यावर मग ते काही बोलले नाहीत."

"तो पहिल्या दिवसाचा होता," नूतन म्हणाली. "आता तिला नऊ पायऱ्या येतात."

"असू द्या," ते म्हणाले, तिचीच समजूत घातल्यासारखे. आणि कामावर जायला निघाले.

स्वयंपाकघरात सुगंधाबाई पोरीसाठी मुगाची खिचडी टाकत होत्या. त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं होतं. त्या हसल्या, बसा म्हणाल्या. ते हसणं नूतनने पूर्वी पाहिलेलं होतं, दुसऱ्या ओट्यावर. एकदा तिला वाटलं, आता काय उपयोग? जे व्हायचं ते झालं, या बाईचं समाधान कशाला मोडायचं? पण बाहेरच्या खोलीत ती पोर पडली होती, आणि ती बरी होऊन हिंडू लागली की तिच्या अंगावर आता काही उमटणार नव्हतं. धोका टळला नव्हता, वाढला होता. नूतन खाली बसली, फरशीवर, आणि म्हणाली, "ताई, माझ्या घरी आहे. माझी थोरली बहीण."

मग तिने सांगितलं. धुळे सांगितलं, नाना सांगितले, नाडी सांगितली. सांगताना आवाज कापला नाही, याचंच तिला भय वाटलं. सुगंधाबाई उभ्या होत्या त्या हळूहळू ओट्याला टेकल्या. खिचडी खाली लागल्याचा वास आला तरी त्यांनी गॅस बंद केला नाही, तो नूतननेच उठून केला.

"हे खरं हाये?"

"हो."

"मंग तव्हा काऊन नही सांगतलं?" सुगंधाबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. "मी विचारलं होतं तुम्हाले. माह्या तोंडानं विचारलं होतं."

लाज वाटली, असं नूतनला म्हणता आलं असतं, पण तो शब्द त्या स्वयंपाकघरात फार लहान झाला असता. सुगंधाबाईंनी जळका टोप उतरवला, नळाखाली धरला, आणि पाठ फिरवून म्हणाल्या, "जा तुम्ही आता."

व्यक्ती-अभ्यासाच्या वहीत तिने सगळं लिहिलं, तक्त्याचं आणि स्वतःचंही, आणि समाधान सरांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. दवाखान्याविरुद्ध लेखी तक्रार करू, म्हणाले, आणि तिच्यासोबत स्वतःची सही केली. त्या तक्रारीची पोच आली, पुढे काही आलं नाही. महिनाभर नूतन त्या गल्लीकडे गेली नाही. मग एका सकाळी सुगंधाबाईंचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "ते शिकवाले या," त्या म्हणाल्या. "कोनी हात धरला तर काय करावं, ते."

सुगंधाबाईंनी दार उघडलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. पुनम हिंडूफिरू लागली होती, जरा सुजल्यासारखी. नूतनने सतरंजी अंथरली. या कामाच्याही पायऱ्या तिने पाडून आणल्या होत्या, पण पहिलीच पायरी कठीण होती, कारण पुनमला आजवर जे जे शिकवलं होतं ते याच्या उलटं होतं. ऐकायचं. बस म्हटलं की बसायचं, ये म्हटलं की यायचं. शाळेच्या प्रगतिपुस्तकात तिच्या नावापुढे दरवर्षी 'आज्ञाधारक' लिहिलेलं असे, आणि ते वाचून घरी पेढे वाटले जात.

"आता आई हात पुढे करेल," नूतन तिला म्हणाली. "तू म्हणायचं, नको. आणि मागे सरायचं. म्हण बघू, नको."

"नको," पुनम म्हणाली, खुशीत.

सुगंधाबाई समोर बसल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"नको," पुनम म्हणाली, आणि आपला हात आईच्या हातात ठेवला.

"तसं नही, बाई," सुगंधाबाई म्हणाल्या. "मी परकी हाये असं समज. नको म्हन आन सरक मांगे." त्यांनी पुन्हा हात केला. पुनमने नूतनकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, सगळ्यांना हवं ते आपण करतो आहोत याची खात्री करून घेतली, "नको, नको," म्हणाली, आणि दोन्ही हात पुढे करून आईच्या मांडीवर ठेवले.

सुगंधाबाईंनी ते हात उचलून बाजूला केले. नूतनकडे त्यांनी पाहिलं नाही. आपला तळवा पदराला पुसला, आणि पुन्हा पुढे केला.